शिळं पाणी

श्रावणातल्या त्या सकाळी मला जाग आली ती पाणी ओतल्याच्या आवाजानं. पावसाचा नव्हे. रत्नागिरीत येऊन आठ दिवस झाले होते आणि पावसाचा आवाज तोवर पंख्याच्या आवाजासारखा झाला होता, थांबला तरच कळायचा. हा आवाज वेगळा होता. भरलेली बादली एका झटक्यात पालथी केली की भस्सकन होतो ना, तो. लातूरचा माणूस या आवाजानं गाढ झोपेतून उठून बसतो. मी तसाच लुंगी सावरत मागच्या पडवीत आलो, तर घरमालकीण काकू पदर खोचून कामाला लागलेल्या. रात्री पागोळ्यांखाली ओळीनं लावून ठेवलेल्या माझ्या दोन बादल्या, एक कळशी आणि एक घमेलं, सगळं त्यांनी ओतून, विसळून, पालथं घालून ठेवलं होतं. कोपऱ्यातलं निळं पिंप तेवढं उरलं होतं. ते मी रात्री अकरापर्यंत बादली-बादलीनं गळ्यापर्यंत भरलं होतं. "शिळं पाणी कशाला हो साठवून ठेवता?" काकू हसत म्हणाल्या. "डास होतात, पायरीला शेवाळ धरतं, पोर घसरेल. हे तेवढं तुम्ही लवंडा, मला नाही झेपायचं."

आणि मी ते लवंडलं. काही बोललो नाही. दोन्ही हातांनी पिंपाची कड धरून तिरकं केलं, आणि जवळजवळ दोनशे लिटर पाणी चिऱ्याच्या अंगणावरून, आळूच्या पानांखालून, गडग्याच्या भोकातून खालच्या पऱ्याला जाऊन मिळालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वरून पाऊस चालूच होता, त्यामुळं ओतलेलं पाणी कुठलं आणि पडलेलं कुठलं हेही लगेच कळेनासं झालं. आत येऊन चहा घेतला, पण गळ्याखाली उतरेना. बायको कॉलेजला निघायच्या गडबडीत होती. तिनं विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, काही नाही.

खरं तर काही झालंच नव्हतं. काकूंचं म्हणणं बरोबर होतं.

पण ते पिंप साधं नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आमच्या घरी आलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या नकोत म्हणून शहरात टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. आम्ही काही पोरं ती बघायला स्टेशनाकडं गेलो होतो. गाडीला हार घातलेले बघून हसावं की काय करावं कळत नव्हतं. त्याच आठवड्यात माय कुठूनतरी जुनं निळं पिंप घेऊन आली. आधी त्यात काय असायचं देव जाणे, पहिले पंधरा दिवस पाण्याला औषधाचा वास यायचा. माय म्हणायची, प्यायचं न्हाई ना, मग काय. तेव्हापासून ते पिंप आमच्या घरात कधी रिकामं राहिलं नाही. रेल्वे बंद झाली, पुढच्या पावसाळ्यात मांजरा भरलं, तरी नळ रोज आला असं कधी झालं नाही. नळाच्या दिवशी गावाला जायचं नाही, पाहुणा आला तर त्याच्याही हातात घागर द्यायची, आणि झोपताना पिंपाच्या अंगाला टिचकी मारून आवाजावरून किती उरलंय ते बघायचं. भद्द वाजलं की झोप लागायची.

शिळं पाणी हा शब्द आमच्याकडंही आहे. पण पाणी आठ दिवसांनी येणार असेल तर पहिला दिवस सोडून बाकीचे सात दिवस माणूस शिळंच पितो. आम्ही ते कधी शिळं म्हटलं नाही. पाणी म्हटलं.

रत्नागिरीला आलो ते बायकोच्या शिक्षणासाठी. उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून तिनं पदवी घेतली, मग लग्न, मग लेक. पाच वर्षांनी तिनं एक दिवस सांगितलं की शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात एम.एफ.एस्सी.ला नंबर लागलाय, दोन वर्षं. ज्या जिल्ह्याला पाणी रेल्वेनं आणावं लागलं तिथं मासे शिकवणारं कॉलेज आहे, याच्यावर पाहुण्यारावळ्यांनी आधीच भरपूर विनोद करून झाले होते. आता ती थेट समुद्राकाठी निघाली म्हटल्यावर त्यांना नवीन साहित्य मिळालं. मी काही तालेवार नोकरी सोडून आलो असं नाही. लातुरातल्या पाच-सहा दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्नं बघतो, ते काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. फक्त वीस तारखेला लाईट जाऊ नये एवढी प्रार्थना करायची. टेम्पोत सामान भरलं. माय म्हणाली, पिंप कशाला, तिथं समुद्र हाय. मी ते तरीही चढवलं. सोलापूर गेलं, मिरज आली. टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून मी मागं वळून पाहिलं, तर दोरीनं बांधलेलं रिकामं पिंप उलटं होऊन हलत होतं. या गावातून आपल्याकडं पाणी यायचं, असं मी लेकीला सांगितलं. ती झोपली होती.

आंबा घाट उतरताना पाऊस लागला तो लागलाच. शाळेत भूगोलाला दोन आकडे पाठ केलेले असतात, लातूरला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास आणि रत्नागिरीला तीन हजाराच्या वर. पेपरात लिहायला ते ठीक आहेत. तीन हजार म्हणजे काय हे कळतं ते काडेपेटी पेटत नाही तेव्हा. मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी झालेलं असतं. कपाटातला कातडी पट्टा काढावा तर त्याला पांढरी लव आलेली. गावाहून आणलेल्या ज्वारीच्या पोत्याला आतून उबट वास सुटला, आणि त्या वासात कुठंतरी अजून कडब्याचा वास होता, म्हणून मी बराच वेळ पोत्यात तोंड घालून बसलो होतो. लेकीची चड्डी वाळायला तीन दिवस. शेवटी मी तव्यावर हात शेकावा तसे तिचे मोजे शेकायला शिकलो. बायकोच्या मार्कशीटांची फाईल उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली. ती एकेक करून सोडवून भाकरीच्या टोपल्यावर पसरली. आमच्या गावी कागद उन्हानं पिवळा पडून तुटतो. असा मऊ होऊन विरघळायला निघालेला कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

शेजारी विचारायचे, "शिकायला कोण, तुम्ही?" म्हटलं, नाही, ही. "मग तुम्ही?" मी घरूनच करतो. "असं असं." यात वाईट काही नव्हतं. पण तिला स्टॉपवर सोडून, लेकीला अंगणवाडीत सोडून, छत्रीचं पाणी झटकत परत यायचो तेव्हा त्या 'असं असं'चा अर्थ दरवेळी नवा लागायचा. पावसाळ्यात घरात एकटा माणूस फार कान देऊन ऐकतो. कौलांवर वेगळा पाऊस, पत्र्यावर वेगळा, केळीच्या पानावर तिसराच. मी लातूरच्या एका किराणा दुकानाची बिलं लावत बसलेला, आणि तिकडून दुकानदार फोनवर विचारणार, "काय साहेब, पाऊस हाय का तिकडं? हितं ढग नुसते फिरायलेत." मला खोटं बोलावंसं वाटायचं. म्हणायचो, हाय थोडा.

बायकोचं मात्र छान चाललं होतं. उदगीरला ती कटला, रोहू, मृगळ यांच्यात वाढलेली, सगळे गोड्या पाण्याचे. इथं मिरकरवाड्याच्या बंदरावर पहिल्यांदा गेली तेव्हा ओळखू न येणाऱ्या माशांची यादी करून आली, दोन पानं. तिच्या कपड्यांना, केसांना, वहीलाही बंदराचा वास लागला. सुरुवातीला लेक नाक धरायची, मग तीच तिच्या ओढणीत तोंड घालून झोपायला लागली. एकदा बायको घरी एक छोटी दुर्बिणीसारखी वस्तू घेऊन आली, रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर भाट्याच्या खाडीतल्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडं धरून बघायचं. आत वर निळं, खाली पांढरं, मधे रेघ. रेघ जिथं पडेल तेवढा खारेपणा. भर समुद्रात पस्तीसच्या आसपास. पण पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी इतकं येतं की खाडीतली रेघ पार खाली जाते, आणि उन्हाळ्यात परत चढते. एका थेंबात एवढं दिसतं म्हटल्यावर मी पागोळीचा एक थेंब ठेवून पाहिला. शून्य. मग कुणाला न सांगता, पिंपाच्या तळाशी लातूरचं म्हणून जपून राहिलंय का काही, म्हणून तिथलाही एक थेंब बोटानं पुसून लावला. तोही शून्यच असणार. आपण काय शोधत होतो हे मला सांगता येणार नाही.

गणपतीत काकूंची दोन्ही मुलं मुंबईहून आली, सुना, नातवंडं, बॅगा. घर गच्च. पाच दिवस मी खवणीवर बसून नारळ खोवले, आणि एका पायावर दाब ठेवून न घसरता नारळ कसा फिरवायचा ते शिकलो. तेव्हा एक गंमत लक्षात आली. घर त्यांचं, पण आपल्या घरातला दिवा कुठल्या बटणाचा हे थोरल्या मुलाला मला विचारावं लागलं. परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं, आणि भाड्यानं राहणारा मी मात्र त्याच्या आईच्या दम्याच्या गोळ्यांच्या वेळा सांगत होतो. त्याला ते लागलं असावं. निघताना उगाच माझा हात जरा जास्तच घट्ट दाबला. तिकडं माय फोनवर विचारत होती, "महालक्ष्म्याला येणार न्हाई व्हय रे?" आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण, सोळा भाज्या, पुरणपोळी, सोवळं. इथं काकूंच्या गौरीला वडे-सागोतीचा, म्हणजे वडे आणि मांसाच्या रश्शाचा, नैवेद्य होता. मी पोटभर जेवलो. मायला आजतागायत सांगितलेलं नाही.

लेक पटापट इथली होत गेली. पागोळी, पऱ्या, गडगा हे तिचे पहिले शब्द झाले. मैत्रिणीला हाक मारताना 'काय गो' म्हणायला लागली. एकदा तिला घेऊन थिबा पॉइंटवर गेलो होतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून इथं आणून ठेवलं. १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला त्याच्यापेक्षा त्याच्या नातीचं नवल वाटतं. ती रत्नागिरीतच वाढली आणि मराठीच बोलली. आजोबाच्या डोळ्यांपुढं इरावती असणार, आणि नातीच्या तोंडी हीच भाषा, हेच मासे, हाच पाऊस. दोन पिढ्या पुरल्या. आमच्या घरात तर दोन महिनेही लागले नाहीत. दिवाळीला लातूरला गेलो तेव्हा लेकीनं आजीच्या घरी पेल्यातलं उरलेलं पाणी उठून मोरीत ओतलं, तेही सहज. माय काही बोलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण तो कुणासाठी, हेच ठरेना. लेकीनं भीती शिकू नये म्हणून तर आपण खूश व्हायला हवं. आणि तरी तो पेला ओतल्याचा बारीकसा आवाज मला दिवाळीभर ऐकू येत राहिला.

मे महिना आला आणि काकूंच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी खाली गेलं. मोटार दहा मिनिटं चालून हवा ओढायला लागली, मग पोहरा काढला, आणि त्याच्या दोराला खालून आणखी एक तुकडा बांधावा लागला. आतल्या वाड्यांत टँकर सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. माझ्या अंगात जुनं काहीतरी जागं झालं. खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता. बघा, म्हणालो होतो ना. मी पहाटे उठून पिंप भरायला लागलो, टिचक्या मारायला लागलो, लेकीला दोन तांब्यांत अंघोळ घालायला लागलो. एवढं तीन हजार मिलिमीटर पडून जातं कुठं, म्हणून बायकोवर चिडलो, जसं काही तिनंच सांडलं. तिनं अंगणातला एक फुटका चिरा उचलून दाखवला. जांभा. आरपार भोकं. "ह्याच्यात थांबंल का पाणी? आणि डोंगर तिथं, समुद्र इथं, मधे नदीला लोळायला जागा तरी आहे का?" काकू मात्र होत्या तशाच. रोज चार कळश्या, तुळशीला एक तांब्या, बास. मी त्यांना म्हटलं, काकू, पिंप भरून ठेवू का तुमच्यासाठी? "कशाला? मिरगापर्यंत पुरतं हो. दरवर्षी पुरतं."

मिरगापर्यंत. म्हणजे ७ जून. त्यांच्या टंचाईला तारीख होती.

मला तेव्हा कळलं की श्रावणातल्या त्या सकाळी आम्ही दोघं एकाच पिंपाविषयी बोलत नव्हतोच. काकूंनाही पाणी कमी पडतं, वर्षातले काही आठवडे चांगलंच कमी पडतं. पण मृग लागेल आणि पाऊस येईल, यात त्यांच्या मनात कधी किंतु आलेला नाही. आमच्याकडं मृग कॅलेंडरात येतो, आभाळात येईलच असं नाही. माझी माय पिंप भरते ती पुढच्या आठवड्यासाठी नाही, न येणाऱ्या पावसासाठी. ही भीती बावीत दोर आणखी सोडून जात नाही, आणि पागोळीखाली बादली लावूनही जात नाही. मला वाटलं होतं इथं आलो की जाईल.

मग आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, सुरू झाली. मेच्या शेवटी काकूंच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. शाकारणीवाले कौलं चाळून गेले. सोडणं, झावळ्या, लाकडं पडवीत रचली. आमसुलं उन्हात, आंबापोळ्या ताटांवर, पापड, कुरड्या. मुंबईच्या मुलांसाठी वेगळं, घरासाठी वेगळं. १ जूनला मासेमारी बंद, बोटी दोन महिने काठावर, म्हणून सुकी मासळी आधी भरायची: बोंबील, सोडे, सुकट. मी सगळं उचलायला, चढवायला होतो. माणसं इतकी साठवतात हे बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की आम्ही पाणी येणार नाही म्हणून साठवतो, आणि इथं पाणी येणार म्हणून. एका दुपारी काकू पिंपाजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्याचं झाकण उघडून बघितलं, लावून बघितलं, वर बुक्की मारली. "हे घट्ट बसतं ना?" मी म्हटलं, बसतं. "म्हणजे आत पाणी शिरणार नाही ना? सुकटीला दमट लागलं की गेली. दरवर्षी पत्र्याच्या डब्याला गंज धरतो. चार महिने द्याल?"

मी नाही कशाला म्हणू? पिंप लवंडलं, या वेळी कुणी न सांगता आणि आळूच्या मुळांत. मग ते आडवं करून आत शिरलो. कुठल्याशा हायवेच्या बोगद्यासारखं निळं अंधारलेलं, आणि अंगाला एकाखाली एक पांढऱ्या रेघा, बोअरच्या क्षाराच्या. जिथं जिथं पाणी फार दिवस थांबलं होतं तिथं तिथं जाड. काकूंनी रातांब्याच्या साली आणून दिल्या, त्या घासल्या की फेस येऊन रेघा सुटतात. खालच्या सुटल्या. वरची, गळ्याजवळची, एक काही हलेना. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हो, सुकटीला काय करायचंय." दोन दिवस ते पिंप उन्हात तोंड करून पडलं, हातात हलकं लागेपर्यंत. लेकीनं त्यात डोकं घालून 'कूऽऽ' केलं, आणि तो आवाज घुमून परत आल्यावर चकित होऊन मला बोलावलं, बाबा तुम्ही पण. मीही डोकं घातलं. आमचं पिंप घुमतं हे मलाही माहीत नव्हतं. आत अजून तोच पहिल्या उन्हाळ्यातला औषधाचा वास होता. काकूंना सांगितलं नाही. सुकटीपुढं तो असा कितीसा टिकणार.